संस्थेची मालमत्ता : नोंद, निगा आणि फेरतपासणी

(ज्ञातिसंघाच्या कोळगाव येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून ज्ञातीचा इतिहास, मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील खर्च अशा विषयांवरील विद्वानांची व्याख्याने ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने आज मजकडे सोपविलेला विषय रुक्ष आहे. मी विद्वान नव्हे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीच्या खात्यात माझी नोकरीची सर्व वर्षे गेली. निवृत्तीनंतर कार्यकारी मंडळाने मला मालमत्ता पडताळणी समितीचे काम दिले. त्या कामात जे दिसले आणि जे उमगले ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे. त्यात काही गोष्टी माझ्या स्वतःच्या चुकीच्या आहेत. त्याही मी सांगणार आहे, कारण त्या झाकून ठेवल्या तर या भाषणाला काही अर्थ उरणार नाही.

आपण आज ज्या कोळगावात बसलो आहोत त्याचेच उदाहरण प्रथम घेऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर हा राज्यातील ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालयासाठी कोळगावची शासकीय जमीन मुक्रर झाली, सिडकोने इमारती उभ्या केल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. जिल्हा वेगळा होणे म्हणजे नकाशावर रेघ ओढणे एवढेच नसते. इमारती, वाहने, सामान, जमिनी आणि दप्तरे यांचीही वाटणी करावी लागते, आणि अशा वाटणीच्या वेळी ज्या वस्तूची नोंद नसते तिला कोणीच वाली राहत नाही. दुसरे असे की, मुख्यालय आल्यापासून या परिसरातील जागेला पूर्वी कधी नव्हता एवढा भाव आला. जी जागा कोणी विचारीत नव्हते तिच्यासाठी आता विचारणा होते. आपल्या संघाच्या जागाही त्यांत आल्या. तेव्हा हा विषय रुक्ष असला तरी अवेळी मांडलेला नाही.

मालमत्ता कशाला म्हणावे ? जमीन, इमारत आणि बँकेतील ठेव एवढीच मालमत्ता, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु आपल्या सभागृहाचे छप्पर, पाण्याचा पंप, लग्नकार्याला भाड्याने देण्याची तपेली आणि पराती, सतरंज्या, वसतिगृहातील खाटा, ध्वनिक्षेपक, जुनी खरेदीखते, सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या, किंबहुना कुठल्या कुलपाची किल्ली कोणती हे ठाऊक असणारा माणूस, हे सर्व संस्थेच्या उपयोगाचे धन आहे. ज्याच्यामुळे संस्थेचे काम चालते आणि जे गेल्यास ते अडते, ती मालमत्ता, अशी सोपी व्याख्या मी करतो.

ही व्यवस्था म्हणजे परदेशातून आलेले काही नवीन शास्त्र आहे, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या आज्या नवे भांडे घरात आले की त्यावर नाव घालून घेत. कोणाचे, कोणी दिले, कोणत्या प्रसंगी दिले आणि कोणत्या साली, एवढे सर्व त्या चार शब्दांत येत असे. कार्यासाठी भांडी शेजारी गेली तरी नावावरून परत येत. कारखान्यात आम्ही यंत्रावर क्रमांकाची पट्टी ठोकतो, ती याहून वेगळी नसते.

राज्यकारभारातही हीच दृष्टी होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारांवर देखरेख करणारा सन्निधाता आणि हिशेबाचे दप्तर सांभाळणारे अक्षपटल यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. एकाकडे अधिकार व किल्ल्या, दुसऱ्याकडे लेखन, तिसऱ्याकडे कोठार, अशी विभागणी असल्यामुळे एकाच्या हाती सारे जात नसे. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यातील दुर्गांच्या प्रकरणात दारूगोळ्याविषयी जी आज्ञा आहे, ती मला फार मोलाची वाटते. दारूचे कोठार वस्तीच्या घरापासून दूर असावे, एवढे सांगून अमात्य थांबत नाहीत. दर आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू व बाण बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, असे ते बजावतात. शिरगाव, केळवे, तारापूर, वसई असे किल्ले ज्या मुलखात आहेत तेथील माणसास यातील मर्म सांगावयास नको. या दमट हवेत कोठारातली दारू मोजून बरोबर भरेल, पण ऐन वेळी पेटणार नाही. अमात्यांनी मोजणी पुरेशी मानली नाही, वस्तू कामास येते किंवा नाही हे पाहावयास सांगितले.

आजच्या काळात हाच विचार नियमबद्ध झाला आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली मालमत्तेच्या व्यवस्थापनाविषयी एक मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे २०१४ च्या जानेवारीत आयएसओ ५५००० ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका निघाली, आणि २०२४ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. वीज, पाणी, रेल्वे यांसारख्या मोठ्या संस्थांचा विचार करून या गोष्टी सुरू झाल्या असल्या तरी त्यांतील क्रम आपल्यासारख्या लहान संस्थेसही उपयोगी आहे. संस्थेचा हेतू काय ते आधी ठरवावे, वरिष्ठांनी जबाबदारी पत्करावी, योजना करावी, माणसे व पैसा द्यावा, काम करावे, त्याचे मोजमाप करावे आणि जे चुकले ते सुधारावे. शेवटच्या दोन पायऱ्या बहुतेक संस्था गाळतात. आपणही गाळल्या होत्या.

आता आपल्या घरची गोष्ट सांगतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा सभागृहाचे काही पत्रे उडाले आणि आतील सामान भिजले, हे आपणांस स्मरत असेल. विमा उतरविलेला होता. नुकसानभरपाईचा अर्ज केल्यावर आपल्याकडे साधी माहिती मागण्यात आली. कोणत्या वस्तू होत्या, कधी घेतल्या, किती किमतीला घेतल्या, याची यादी. ती आपल्यापाशी नव्हती. पावत्या काही चिटणीसांच्या घरी, काही खजिनदारांच्या घरी, काही कोणाच्याच घरी नाहीत. जी यादी आम्ही घाईने केली तिला आधार दाखविता आला नाही आणि नुकसानीचा मोठा भाग सभासदांच्या वर्गणीतून भरून काढावा लागला. यात समोरच्या कोणाचा दोष नव्हता. दोष आपला होता.

त्यानंतर पडताळणी समिती नेमली गेली. आम्ही पाच जणांनी लागोपाठ काही रविवार सभागृहात आणि वसतिगृहात घालविले. एका जुन्या चिटणीसांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेली भांड्यांची वही आमच्या हाती होती. तीत लिहिलेल्या भांड्यांपैकी निम्म्याहून थोडी अधिक सापडली. उरलेली चोरीस गेली असे कोणी समजू नये. कार्यासाठी नेलेली परत यावयाची राहिली, कोणाची कोणात मिसळली, काही मोडीत गेली आणि मोडीचे पैसे जमा झाले, पण वहीत ओळ खोडली गेली नाही. आम्ही सभासदांस नम्र विनंतीपत्र धाडल्यावर पुष्कळ भांडी आपोआप परत आली. एका भगिनीने तर माफी मागत, लख्ख घासून, दोन पराती आणून दिल्या. त्या तिच्या सासूबाईंच्या काळापासून माळ्यावर पडून होत्या. वस्तू परत येण्यास आठवण करून देणाऱ्या एका पत्राचीच वाण होती.

याच मोजणीत सभागृहाच्या परसात एक तांब्याचा हंडा सापडला. रंगकाम करणाऱ्यांनी त्यात चुना कालविला होता. चुना खरवडून काढल्यावर त्यावरील नाव दिसले. आपल्या संघास पहिले घर देणाऱ्या ज्या विधवा भगिनीस आपले वडील आजी म्हणत, तिच्या यजमानांचे ते नाव होते. घराबरोबर तिने आपल्या घरातील भांडीही समाजास दिली होती. आम्ही पाचही जण काही वेळ गप्प उभे राहिलो.

त्या घराचीच गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या जिल्ह्यातील एका गावाच्या गावठाणात असलेले ते घर आणि त्यामागचे परस आजींनी नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पत्रात तीन विश्वस्तांची नावे घातली. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घरपट्टी त्यांपैकी एकाच्या नावाने लागली, कारण ते त्या गावचे आणि कर भरणे त्यांस सोयीचे होते. तिघेही सज्जन होते, तिघेही आज हयात नाहीत. नाव मात्र तसेच राहिले. पुढे गावठाणांचे ड्रोनच्या साहाय्याने भूमापन होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. चौकशीच्या वेळी जुन्या दप्तरातील नाव पाहून त्या विश्वस्तांच्या वारसांची नावे लिहिली जाऊ लागली. आपल्या एका तरुण सभासदाने गावात लावलेली यादी सहज वाचली म्हणून हे कळले. आपल्या दप्तरात मूळ बक्षीसपत्र नव्हते. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रत काढावी लागली. ती दाखविल्यावर वारसांनी, ज्यांस यातले काहीच ठाऊक नव्हते, कसलीही खळखळ न करता लेखी संमती दिली. तथापि एक वारस परदेशी असल्यामुळे एका सहीचे काम अद्याप राहिले आहे, आणि ती सही येईपर्यंत आजींनी दिलेले घर कागदोपत्री पूर्णपणे आपले झालेले नाही. जागेचे भाव असेच चढत राहिले आणि पुढची पिढी एवढी सरळ निघाली नाही, तर काय होईल याचा विचार आपणच करावा.

आता माझ्या चुकीकडे येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांविषयीचा कायदा १९५० सालचा आहे. पूर्वी तो मुंबईच्या नावाने ओळखला जाई, आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याप्रमाणे संस्थेच्या मालमत्तेची नोंद धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीत असते. तीत काही बदल झाल्यास, मग तो विश्वस्तांचा असो वा मालमत्तेचा, ९० दिवसांच्या आत कलम २२ प्रमाणे बदल अर्ज द्यावा लागतो. स्थावर मालमत्ता विकणे, बदलून देणे, बक्षीस देणे, किंवा शेतजमीन १० वर्षांहून आणि बिनशेती जमीन वा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देणे, यास कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. हिशेबतपासनिसाने दरवर्षी जो अहवाल द्यावयाचा त्यात एक प्रश्न असतो : स्थावर व जंगम मालमत्तेची नोंदवही योग्य रीतीने ठेवली आहे काय आणि तीतील बदल वेळोवेळी कळविले आहेत काय ? मी विश्वस्त असताना अनेक वर्षे या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिले गेले आणि हिशेबांवर इतरांबरोबर माझीही सही झाली. नोंदवही होती, म्हणून ‘होय’. ती उघडून, हातात घेऊन, सभागृहात फिरलो असतो तर ते उत्तर मी देऊ शकलो नसतो. कारखान्यात दुसऱ्याच्या नोंदी तपासण्याचे वेतन घेणारा मी, समाजाच्या कामात न पाहता सही करीत होतो. याबद्दल मी या सभेची क्षमा मागतो.

परंतु नोंदवही भरली म्हणजे काम संपले असेही नव्हे. मी ज्या कारखान्यात होतो तेथे एकदा मोठा खर्च करून संगणकावर मालमत्तेची पद्धत बसविण्यात आली. प्रत्येक यंत्रासाठी भरावयाच्या रकान्यांची संख्या एवढी होती की, पाळीवरचा कामगार ते भरीत बसला तर यंत्र पाहणार कोण ? पहिले काही महिने उत्साहाने नोंदी झाल्या, मग अंदाजाने होऊ लागल्या, मग कालच्या नोंदीची नक्कल आज होऊ लागली. संगणक सांगे की थंड पाण्याचा राखीव पंप तयार आहे. ज्या रात्री मुख्य पंप बंद पडला त्या रात्री आम्ही राखीव पंपाकडे धावलो, तर त्याची मोटार दुसरीकडे बसविण्यासाठी काढून नेलेली. नोंदच नसती तर निदान आम्ही साशंक राहिलो असतो. चुकीच्या नोंदीने आम्हांस निर्धास्त केले होते.

त्या रात्रीनंतर आम्ही पद्धत मोडली नाही, लहान केली. रकाने थोडे ठेवले. प्रत्येक यंत्राला एक जबाबदार माणूस नेमला आणि त्याचे नाव यंत्रावरच लिहिले. दर महिन्याला दुसऱ्या विभागाच्या माणसाने येऊन कोणतीही दहा यंत्रे निवडावी, नोंद आणि वस्तू समोरासमोर ठेवून पाहावी, आणि राखीव यंत्रे चालू करून दाखवावयास सांगावी, असा नियम केला. त्यानंतर नोंदी खऱ्या होऊ लागल्या, कारण त्या कोणीतरी पाहणार हे लिहिणाऱ्यास माहीत होते.

तपासणी कशी असावी याची दोन उदाहरणे देतो. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पूल कोसळून ७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या पुलाची संरचनात्मक तपासणी त्याआधी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्त्या सुचवून त्याची स्थिती चांगली असल्याचा अभिप्राय दिलेला होता. तपासणी झाली होती, अहवाल होता, शिक्का होता. त्या अभिप्रायाने पूल मात्र सावरला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. यंत्रे जुनी होत गेली तशी त्यांच्या वयोमानाची आणि सुरक्षिततेची संपूर्ण फेरतपासणी करण्यात आली, आणि तीत ठरलेल्या सुधारणांसाठी २००५-०६ मध्ये त्या काही महिने बंद ठेवण्यात आल्या. पुढे २०२० मध्ये मोठ्या नळकामाच्या बदलासाठी त्या पुन्हा थांबविण्यात आल्या. अणुऊर्जेविषयी आपणांत मतभेद असतील, त्या वादात मी शिरत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, उत्पन्न देणारे यंत्र बंद ठेवण्याची तयारी असेल तरच फेरतपासणी खरी होते. आपले सभागृह लग्नसराईत दुरुस्तीसाठी बंद ठेवावयास आपण तयार आहोत काय ?

आणखी साधे उदाहरण हवे असेल तर आपल्या लोहमार्गाकडे पाहा. विरारहून डहाणूकडे धडाडत जाणाऱ्या गाड्या आपण पाहतो. पण रुळांचे खिळे आणि जोड पाहत, हातोडा खांद्यावर घेऊन, आपल्या हद्दीत पायी चालणारा चावीवाला क्वचितच आपल्या नजरेत भरतो. मोठमोठ्या यंत्रांनी तपासणी होऊ लागली तरी पायी चालणारा माणूस रेल्वेने सोडलेला नाही. वस्तूपाशी जाऊन पाहणे याला पर्याय नाही.

आपल्या इमारतींस तर याची अधिकच गरज आहे. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी सळई गंजते आणि सिमेंट फुगून सुटते, हे किनाऱ्यालगतच्या प्रत्येक घरमालकास ठाऊक आहे. त्यात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के जाणवू लागले आणि कित्येक घरांना तडे गेले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. आपली संस्था गृहनिर्माण संस्था नव्हे, तथापि ज्या वसतिगृहात आपली मुले झोपतात त्याला हाच दंडक लावण्यास कोणाची हरकत असेल असे मला वाटत नाही.

पैशाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. हिशेबात दरवर्षी घसारा लिहिला जातो, त्यामुळे झिजेची तरतूद झाली असा समज होतो. तो घसारा कागदावर असतो, तेवढी रक्कम बाजूला काढली जात नाही. उदाहरणार्थ, ३०,००० रुपयांचा पंप १० वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला ३,००० रुपये. ४,००,००० रुपयांचे पत्र्यांचे छप्पर २० वर्षे टिकेल असे धरले तर वर्षाला २०,००० रुपये. आणि दर ५ वर्षांनी १,५०,००० रुपयांचे रंगकाम व डागडुजी करावयाची तर वर्षाला ३०,००० रुपये. एकूण ५३,००० रुपये दरवर्षी वेगळ्या खात्यात पडले पाहिजेत. भाव वाढत जातील म्हणून हा आकडाही दरवर्षी पुन्हा मांडावा लागेल. आज आपण सभागृहाचे सर्व भाडे चालू खर्चात घालतो आणि छप्पर गळू लागले की वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार जातो. देणारे देतात, ही त्यांची थोरवी. पण शिष्यवृत्तीसाठी जे मिळाले असते ते छपरात जाते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

यास्तव समितीच्या वतीने मी पाच सूचना या सभेपुढे ठेवतो. पहिली, संघाच्या सर्व स्थावर-जंगम मालमत्तेची एकच नोंदवही असावी. प्रत्येक वस्तूस क्रमांक द्यावा आणि तो वस्तूवर घालावा. रकाने सहाच असावेत : वस्तू, ती कोठून व केव्हा आली, किंमत, ठिकाण, स्थिती आणि सांभाळणाऱ्याचे नाव. छायाचित्रही जोडावे, ते काम आता भ्रमणध्वनीने कोणीही करू शकेल. दुसरी, मूळ कागदपत्रे बँकेच्या तिजोरीत ठेवावीत, त्यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात, आणि पदाधिकारी बदलताना किल्ल्या व कागद यांची पोच लिहून घ्यावी. तिसरी, प्रत्येक जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टीची नोंद आणि धर्मादाय कार्यालयातील नोंद दरवर्षी काढून शेजारी शेजारी ठेवाव्यात. तिन्हींत नाव एकच आहे ना, हे पाहावे. चौथी, दुरुस्ती व बदलीचा निधी स्वतंत्र खात्यात ठेवावा आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय तो दुसरीकडे वळवू नये.

पाचवी सूचना सर्वांत महत्त्वाची. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तीन सभासदांनी फेरतपासणी करावी. या तिघांत कार्यकारी मंडळाचा एकही माणूस नसावा, निदान एक भगिनी असावी आणि एक पंचविशीच्या आतला असावा. त्यांनी पंप चालू करून पाहावा, गच्चीवर चढावे, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जावे, आणि जे दिसेल ते दोन पानांत लिहून याच संमेलनात वाचून दाखवावे. मागील वर्षी काढलेल्या उणिवांपैकी किती दूर झाल्या, हे त्या अहवालाचे पहिले वाक्य असावे. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्यानेच ती तपासली तर काय होते, हे मी माझ्या सहीच्या उदाहरणाने सांगितलेच आहे.

काही वडीलधाऱ्यांस असे वाटेल की हा अविश्वास झाला. एवढी वर्षे माणसांवर विसंबून संस्था चालली, आता क्रमांक आणि तपासणी कशाला ? मला उलट वाटते. आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी पदरमोड करून, पायी फिरून ही संस्था उभी केली. त्यांच्या पश्चात त्यांच्या घरपट्टीच्या पावतीवरून त्यांच्या नातवंडांवर संशय घेण्याची वेळ येऊ नये, यासाठी नोंद हवी. ज्या विश्वस्तांच्या नावाने ते घर राहिले, त्यांच्या कुटुंबास आम्ही कागद दाखविला तेव्हा त्यांच्या सुनेने विचारले, “आमच्या मामंजींनी काही गैर केले होते काय ?” आम्ही सांगितले, “नाही, वहिनी. त्यांनी एवढी वर्षे संघाचा कर स्वतःच्या खिशातून भरला.” हे उत्तर आम्हांस त्यांच्या घरी जपून ठेवलेल्या पावत्यांमुळे देता आले. संघाच्या दप्तरात त्याचा मागमूसही नव्हता.

तो तांब्याचा हंडा आता स्वच्छ करून, कल्हई लावून घेतला आहे. नोंदवहीत तो पहिल्या क्रमांकावर लिहिला आहे आणि आज बाहेर आपण ज्यातून पाणी प्यालात तो तोच हंडा. परदेशातील वारसांची सही येताच घराचीही नोंद त्याच पानावर होईल. पुढील संमेलनात फेरतपासणीचा अहवाल जो कोणी वाचील त्याने प्रथम या घराविषयी सांगावे, अशी माझी विनंती आहे.

सूचनांवर चर्चा व्हावी, त्यांत दुरुस्त्या व्हाव्यात आणि त्या ठरावाच्या रूपाने संमत व्हाव्यात, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.